थांबणारा चष्मा

मंगळवारी अकरा वाजून गेले तरी तस्नीमच्या दुकानाचं शटर खालीच होतं.

आमच्या हितवर्धक वाचनालयाच्या जिन्याखाली तिचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. २०३९ सालीही मिरजेत झेरॉक्स लागते, याचं बाहेरगावच्या माणसांना नवल वाटतं. बँकांच्या शाखा गेल्या, शहर बसला ड्रायव्हर उरला नाही, पण 'सोबत एक प्रत जोडावी' ही ओळ कुठल्याच अर्जातून गेली नाही. तस्नीम शिकलगारचा संसार त्या एका ओळीवर चालतो, असं तीच म्हणते. मी जिना चढू लागलो की ती रोज आतूनच ओरडते, "काका, सातवी पायरी!" सातव्या पायरीची कड तुटली आहे आणि मला ती दिसत नाही.

त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. मी सातव्या पायरीवर ठेचकाळलो.

वर वाचनकक्षात विलासराव चौगुले माझ्याच टेबलाशी बसले होते. ते वाचनालयाचे कार्यवाह. माणूस वाईट नाही, फक्त घाईचा आहे.

"या उपळेकर. तुमच्या तस्नीमचा पराक्रम ऐकला का?"

"नाही."

"नऊ माणसांच्या बँकेच्या कार्डांवरनं परदेशात खरेदी झालीय. मोबाईलवर ओटीपीचा आकडा नाही, विचारणं नाही, परस्पर. आणि नऊच्या नऊ जण हिच्या दुकानात येऊन गेलेले. एक झेरॉक्स गिऱ्हाईकाला, एक स्वतःला. सोपं आहे की हो!"

"पण ती तशी..."

"तशी म्हणजे कशी?"

वेळेवर उत्तर मला कधीच सुचत नाही. ते घरी गेल्यावर, जेवताना सुचतं.

"पोलिसांचं पोलीस बघतील," चौगुले उठत म्हणाले. "आपण रविवारी दहाला कमिटी बोलावलीय. जागा काढून घ्यायची. तुम्ही सगळ्यांत जुने सभासद, ठरावावर पहिली सही तुमची."

मी मान हलवली. तिचा अर्थ होकार होता की नकार, ते माझं मलाही सांगता आलं नसतं.

त्या टेबलाशी मी अकरा ते एक बसतो आणि लोकांचे अर्ज भरून देतो. पेन्शन, दवाखान्याची मदत, विजेचं सवलत-पत्र, सगळं आता पडद्यावर भरावं लागतं आणि पैसे जमा व्हायला सगळ्याला बँकेचं कार्ड जोडावं लागतं. म्हाताऱ्या माणसांची बोटं थरथरतात. ती खाली तस्नीमकडून प्रती काढतात आणि ती त्यांना वर पाठवते, "वर प्रूफकाका बसलेत, त्यांच्याकडून भरून घ्या. वेलांटी चुकणार नाही." छत्तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याखेरीज मला काही येत नाही, आणि स्वतःविषयी मला जी सतत शंका वाटते, तीही बहुधा त्या धंद्याचीच सवय असावी.

सात वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. शब्दाकडे सरळ पाहिलं की शब्दच नाहीसा होतो. पाच वर्षं मी पुस्तकांचे फक्त कणे चाचपत होतो. मग हा चष्मा आला.

असे डोळे असलेला माणूस तिरकं बघायला शिकतो. ओळीच्या जरा वर किंवा डावीकडे नजर ठेवली की पडद्याचा शाबूत भाग ओळीवर येतो. पण प्रत्येकाचं तिरकेपण वेगळं. माझ्या चष्म्यात दोन बारीक कॅमेरे आहेत. एक बाहेर बघतो, दुसरा माझ्या बुबुळाकडे. बुबुळ इकडे असेल तर वाचायचा शब्द तिकडे आहे, हे चष्मा हळूहळू शिकतो आणि नेमका तो शब्द माझ्या कानात म्हणतो. मी रेंगाळलो की तोही रेंगाळतो, मी मागे गेलो की तोही मागे येतो. या शिकण्याला नजरेचा नकाशा म्हणतात. सुरुवातीला नेत्ररुग्णालयातल्या एक बाई दोन महिने रोज शेजारी बसून एकेक ओळ मोठ्याने वाचायच्या आणि मी त्या ओळीकडे बघायचो. चष्मा आम्हा दोघांकडून शिकायचा. पुढची दोन वर्षं तो नकाशा माझ्याबरोबर मुरत गेला. ज्या दिवशी मी पहिलं सबंध पान वाचलं, त्या दिवशी चष्मा काढून, पुसून, टेबलावर ठेवून मी त्याला नमस्कार केला होता. खोलीत कुणी नव्हतं म्हणून.

एक अडचण तेवढी होती. शिशाच्या खिळ्यांची जुनी छपाई त्याला वाचता येत नसे. झिजलेले खिळे, तुटलेल्या वेलांट्या, जुन्या वळणाचे अ आणि श. माझ्या कपाटातली निम्मी पुस्तकं त्याला 'अस्पष्ट मजकूर' वाटायची. मग इंटरनेटवर मला एक जोडसंच, म्हणजे चष्म्यात वरून भरायचा प्रोग्राम, सापडला. 'जुने मराठी टंक, चष्म्यांसाठी, विनामूल्य.' मी तो चष्म्यात घेतला, आणि शंभर वर्षांपूर्वीची पानं कानात घडाघडा बोलू लागली. बनवणाऱ्याला मी आभाराचं पत्रही लिहिलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, माझ्यासारखाच संकोची माणूस असेल.

दुपारी मी खाली उतरलो तेव्हा शटर अर्धं वर होतं. तस्नीम कागदाचे गठ्ठे खोक्यात भरत होती.

"आत या काका. डोकं वाकवून."

मी आत जाऊन स्टुलावर बसलो.

"चौगुले बोलले ना?"

"हो."

"आणि तुम्ही काय बोललात?"

"मी... काही नाही."

"बरं केलंत. तुम्ही बोललात की माणसं झोपतात." ती हसली, पण गठ्ठा बांधायचा हात थांबला नाही. मग एकदम थांबला. "काका, खरं सांगा. तुम्हाला वाटतं मी पैसे घेतले असतील?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण त्या क्षणी माझ्या मनात चौगुल्यांचं ते 'नऊच्या नऊ' येऊन गेलं. शोधकाचं मन, ते प्रत्येक शक्यता एकदा तपासतं. "नाही गं," मी म्हणालो. पण त्याआधी मी थांबलो होतो.

तिने खोक्याला चिकटपट्टी लावली. "असू दे," ती म्हणाली. "पायऱ्या सांभाळून जावा."

बुधवारी शटर वर गेलंच नाही.

गुरुवारी मला काहीतरी काम हवं होतं म्हणून मी वाचनालयाच्या गहाळ पुस्तकांची यादी तपासायला घेतली. संगणकाने इंग्रजी आकड्यांत छापलेली सहा पानं. एका ओळीत चार पुस्तकांचे दाखल क्रमांक, प्रत्येक क्रमांक चार आकडी.

छापखान्यात प्रूफ दोघांनी तपासायची पद्धत होती. एक जण मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा. वाचणाऱ्याची लय कानात इतकी बसते की तो जरा अडखळला तरी कळतं, इथे काहीतरी आहे. त्या कानाने मी ऐकत होतो, आणि दुसऱ्या पानावर चष्मा थांबला. फार नाही, पाव सेकंद असेल. मग पुढे वाचू लागला.

हे थांबणं मला नवं नव्हतं. गेलं वर्षभर अर्ज भरताना अधूनमधून ते जाणवायचं. मी समजत होतो की माझंच लक्ष उडतं, वय झालं. चूक चष्म्याची असेल असं मनातही आलं नाही. चष्म्याचे माझ्यावर इतके उपकार होते.

पण आज शेजारी बोलणारं कुणी नव्हतं. मी यादी संपवली. एकशे वीस ओळींपैकी बारा ओळींना तो थांबला होता. पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्याच बारा ओळी.

त्यांतली एक मला आता पाठ आहे. ११२७ ११३९ ११५० ११६८. मी ती कोऱ्या कागदावर, माझ्या सवयीप्रमाणे मराठी आकड्यांत लिहिली. चष्मा सरळ वाचत गेला. इंग्रजी आकड्यांत लिहिली. तो थांबला. शेवटच्या आठाचा सात केला. थांबला नाही. पुन्हा आठ केला. थांबला.

मी पेन खाली ठेवलं. चार चोक सोळा. सोळा इंग्रजी आकडे एका ओळीत आणखी कशावर असतात, हे आठवायला मला थोडा वेळ लागला. बँकेच्या कार्डावर.

नऊच्या नऊ माणसं खालून वर आली होती. झेरॉक्सच्या यंत्राखालून माझ्या नाकासमोर.

त्यानंतर दिवसभर माझ्या मनात जे आलं ते सांगायला हवं. मला वाटलं, कुणाला सांगूच नये. उद्यापासून अर्ज भरणं बंद करावं, डोळे दुखतात म्हणावं. कार्डं समोर आली नाहीत तर चोरी आपोआप थांबेल. चष्मा राहील, पुस्तकं राहतील. तस्नीम हुशार आहे, तिला स्टेशन रोडला दुसरी जागा मिळेल. हे सगळं मला पटतही होतं. शहात्तराव्या वर्षी पुन्हा पुस्तकांचे कणे चाचपायचे, या कल्पनेने माणूस बरंच काही पटवून घेऊ शकतो.

शुक्रवारी सकाळी मी जिना चढायला लागलो. पाच, सहा. सातव्या पायरीशी उभा राहिलो. खालून आवाज येईल म्हणून नव्हे. शटर बंद आहे हे माहीत होतं. पण मी उभा राहिलो. मग उलटा फिरलो आणि सांगलीची बस पकडली.

सायबर कक्षातल्या फौजदार अश्विनी मगदूम तिशीच्या असतील. माझं तुटक बोलणं त्यांनी मधे न तोडता ऐकलं, हेच मला मोठं वाटलं. त्यांनी चष्मा एका तारेने आपल्या संगणकाला जोडला, मला तो नाकावर तसाच ठेवायला सांगितला आणि समोर एक कार्ड धरलं.

"हे कुणाचंच नाही. सापळ्याचं कार्ड. वाचा."

चष्मा वाचू लागला, आणि थांबला.

"थांबला," मी म्हणालो.

"आणि इथे पडद्यावर फोटो बाहेर पडताना दिसला." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "शाळेत गणिताचा ताळा करायचात ना, काका?"

"नवाचा ताळा. हो."

"कार्डाच्या आकड्यालाही ताळा असतो. एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा. दुप्पट दोन आकडी आली तर तिचे आकडे एकमेकांत मिळवायचे. मग सगळ्यांची बेरीज. ती दहाच्या पटीत आली तर कार्ड खरं असू शकतं. लिहिताना एक आकडा चुकला तरी कळावं म्हणून ही सोय आहे. हा चोरही आधी ताळा बघतो. कुठलेही सोळा आकडे धरले तर दहातल्या एकाचा ताळा जमतो. जमला तरच तो फोटो काढून पाठवतो. त्याला पाव सेकंद लागतो. तेवढं कुणाला कळत नाही."

"मला कळलं," मी म्हणालो, आणि लगेच वाटलं, उगाच बोललो.

"म्हणून तर चहा सांगितलाय तुम्हाला."

याला स्पायवेअर म्हणतात, हे मला ऐकून माहीत होतं. त्याला मी हाताला धरून घरात आणलं, हे त्या दिवशी कळलं. मगदूम बाईंनी चष्म्यातल्या जोडसंचांची यादी काढली आणि 'जुने मराठी टंक'वर बोट ठेवलं.

"टंकाला इंटरनेट कशाला लागतं, काका? अक्षरांचं वळण ओळखायचं तर फोटो बाहेर पाठवायची परवानगी कशाला?"

"त्याने विचारलं तेव्हा मी 'हो' दाबलं होतं."

"सगळे दाबतात. पण याने अक्षरं खरंच शिकवली तुम्हाला, हे भारी आहे. काम चोख करायचं म्हणजे कुणी काढून टाकत नाही."

"मग आता काढून टाका."

त्यांनी यादी मिटली. मग सावकाश सांगू लागल्या. नुसता संच काढून भागणार नव्हतं. आत आल्यावर त्याने स्वतःची एक प्रत दुसरीकडे लपवली होती, कंपनीच्या साफसफाईला जिथे हात लावायची बंदी असते तिथे, म्हणजे माझ्या नजरेच्या नकाशात. नकाशा दोन वर्षं वाढत होता आणि चोर वर्षभर त्याच्या आत वाढत होता. इंटरनेट तोडून चष्मा वापरता आला नसता, कारण त्याचं निम्मं डोकं कंपनीच्या संगणकात असतं. नकाशाची जपून ठेवलेली प्रत परत घेतली तर तिच्याबरोबर चोरही परत येणार.

"म्हणजे सगळं पुसायचं. कारखान्यातून आला तसा कोरा करायचा. मग दुसऱ्या यंत्रावरून तुमचे सगळे पासवर्ड बदलायचे, आणि ज्यांनी तुमच्यासमोर कार्ड धरलं त्यांना प्रत्येकाला नवं कार्ड घ्यायला सांगायचं. नऊजणांनाच नाही, सगळ्यांना. नावं आहेत?"

"सगळी आहेत." मग मी विचारलं, "आणि नकाशा?"

"पहिल्यापासून. कुणीतरी शेजारी बसून वाचायचं. शंभर तास तरी."

नेत्ररुग्णालयातली ती योजना बंद होऊन वर्ष झालं होतं, आणि घरी मी एकटा. हे मी त्यांना सांगितलं नाही.

"एक अहवाल मिळेल का?" मी म्हणालो. "कागदावर. रविवारी दहाच्या आत."

त्यांनी पुराव्यासाठी नक्कल घेतली, अहवाल छापला, सही केली. मग चष्मा पुसला. माझ्या कानातला आवाज एका शब्दाच्या मधेच गेला. जाताना त्यांनी मला रिक्षापर्यंत सोडलं आणि चालकाला पत्ता दोनदा सांगितला. त्या मुलीचे आभार मी नीट मानले नाहीत. नुसता हात हलवला, आणि तोही बहुधा चुकीच्या दिशेला.

रविवारी वाचनकक्षात वीसेक माणसं होती. मला ती धुरकट ठिपक्यांसारखी दिसत होती, मधे काळोख आणि कडेला साड्यांचे रंग. आयुष्यात पहिल्यांदा मला सभेत बोलता आलं, ते चेहरे दिसत नव्हते म्हणूनच असेल.

चौगुल्यांनी ठराव वाचायला सुरुवात केली. मी उभा राहिलो.

"चौगुले, थांबा. चोर सापडलाय. तो माझ्या नाकावर होता."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. मी यादीचं सांगितलं, ताळ्याचं सांगितलं, जोडसंचाचं सांगितलं. ज्यांनी नुसतं खाली लॅमिनेशन केलं आणि जिना चढलाच नाही, त्यांच्यातल्या एकाचंही काही गेलं नाही, हे सांगितलं. शेवटी खिशातला अहवाल काढला, आणि मग लक्षात आलं की मला तो वाचता येणार नाही.

दाराशी एक हिरवट रंग उभा होता. तो रंग मला ओळखीचा होता.

"तस्नीम," मी म्हणालो, "माझ्याकडे आता डोळे नाहीत. हे वाचशील?"

ती पुढे आली. कागद हातातून घेतला.

"माझं वाचन म्हणजे फार काही नाही हं," ती सगळ्यांना म्हणाली. मग एकेक शब्द धरून वाचू लागली. मधेच एकदा 'हस्तगत'ला अडखळली. शेवटच्या परिच्छेदाशी आली आणि तिचा आवाज बदलला. "सदर झेरॉक्स दुकानाचा या प्रकाराशी कोणताही संबंध आढळून आलेला नाही." ती थांबली. मग तीच ओळ पुन्हा वाचली.

"दोनदा कशाला वाचताय?" चौगुले म्हणाले.

"एकदा तुमच्यासाठी, एकदा माझ्यासाठी."

चौगुल्यांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातल्याचा आवाज मला आला. मी उभाच होतो. "सगळ्यांनी नवं कार्ड घ्या," मी म्हणालो. "आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांची मी..."

"बसा हो काका." हा आवाज शेवंताबाई भोकऱ्यांचा. सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका, त्या नऊजणांतल्या एक. "बँक परत देणार म्हणालीय. आणि माझं अडकलेलं पेन्शन चालू झालं ते कुणी भरलेल्या अर्जावर? चष्मा चोर निघाला म्हणून माणूस चोर होत नाही. माझ्या नवऱ्याचं नाक घोरायचं, म्हणून मी काय नवऱ्याला सोडचिठ्ठी दिली?"

सगळे हसले. मी बसलो. त्या हसण्याचं माझ्यावर किती ऋण आहे, ते शेवंताबाईंना कधी नीट सांगता आलेलं नाही.

सोमवारी शटर वर गेलं. चौगुल्यांनी माफी मागितली नाही, पण मंगळवारी गवंडी आणून सातवी पायरी दुरुस्त करून घेतली. बुधवारी मी चढू लागलो तर खालून आवाज आला, "काका, सातवी पायरी!"

"ती नीट झाली गं."

"मला माहितेय. सवय आहे. खाली या जरा."

मी उतरलो. तिने स्टूल पुढे सरकवल्याचा आवाज आला.

"मगदूम मॅडमचा फोन आला होता, जबाबासाठी. शंभर तास वाचायचं म्हणे कुणीतरी. तुम्ही बोलला नाहीत."

"तुला काम असतं."

"काम गिऱ्हाईक आलं की असतं. मधल्या वेळात मी माश्या मारते. पुस्तक आणा."

मी उभाच राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं आणि ते जेवताना सुचून चालणार नव्हतं.

"तस्नीम, त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी..."

"थांबलात. कळलं मला." ती यंत्रात कागद भरत होती. "चष्मा पण असाच थांबायचा ना? आत चोर होता तेव्हा?"

"हो."

"मग झालं की. त्याच्यातला काढला, तुमच्यातला पण निघाला. रविवारी उभं राहिलात तेव्हा नाही थांबलात कुठं. बसा आता. कुठली ओळ?"

आम्ही ग्रहताऱ्यांवरचं एक जुनं पुस्तक घेतलं, खिळ्यांच्या छपाईचं, जे कोरा झालेला चष्मा स्वतःहून कधीच वाचू शकला नसता. ती काउंटरवर कोपर टेकून वाचायची, मी ओळीच्या डावीकडे बघायचो, आणि चष्मा आम्हा दोघांकडे कान देऊन मुकाट शिकायचा. जोडाक्षर अडलं की ती ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणून बघायची आणि तिला आवडेल ती ठेवायची. मी आधी दुरुस्त करायचो, नंतर सोडून दिलं. वाचताना ती पुस्तकाशी भांडायची.

"हा १९१०चा धूमकेतू शहात्तर वर्षांनी परत येतो म्हणतोय. म्हणजे १९८६. आला होता का खरंच?"

"आला होता."

"बघितलात?"

"नाही. प्रुफं होती."

"काय माणूस आहात ओ काका!"

दर थोड्या वेळाने कुणीतरी दाराशी यायचं. ती म्हणायची, "थांबा हं, गिऱ्हाईक आलंय," आणि बोट पानात ठेवून उठायची. मी मान वर करून दाराकडे बघत बसायचो. शाळेची मुलं, दवाखान्याचे कागद, लग्नाची पत्रिका. चार प्रती, दोन्ही बाजू. मग ती परत यायची. "हां, कुठं होतो? शनीच्या कड्यात."

शंभर तासांना पाच महिने लागले. सगळे तास तिचेच होते असंही नाही. ती नसली की शेवंताबाई बसायच्या, आणि एकदा चौगुलेही बसले. ते फार भरभर वाचतात, चष्मा गोंधळला.

महाशिवरात्रीच्या आसपास एका सकाळी मी वर माझ्या टेबलाशी बसलो आणि चष्मा पहिल्यांदा एकट्याने वाचू लागला. कंपनीचा तोच सपाट आवाज, पण शब्द बरोबर माझ्या नजरेखाली. एक पान झालं, दुसरं झालं. सोळा आकडी ओळी वाचून पाहिल्या. कुठे थांबला नाही. डोळे भरून आले म्हणून मी मान वर करून दाराकडे पाहिलं.

कानात आवाज आला, "थांबा हं, गिऱ्हाईक आलंय."

मी दचकलो. दारात कुणी नव्हतं. पुन्हा पुस्तकात पाहिलं, तो नीट वाचू लागला. मान वर केली. "थांबा हं, गिऱ्हाईक आलंय."

पहिली शंका अर्थातच वाईट आली. मी मगदूम बाईंना फोन लावला. त्यांनी दुरूनच चष्मा तपासला. मग त्यांचं हसणं ऐकू आलं.

"काका, हे कुणी आत घातलेलं नाही. हे तुम्ही दोघांनी शिकवलंय. नजर पानावरून उठून दाराकडे गेली की समोर हे वाक्य असतं, असं त्याला वाटतंय. पाच महिने रोज ऐकलंय त्याने."

"म्हणजे चूक आहे."

"चूकच आहे. दोन मिनिटांचं काम, काढून टाकते."

प्रुफात एखादा शब्द खोडला जाणार असेल आणि तो हवा असेल, तर त्याच्याखाली टिंबांची ओळ द्यायची असते. ती पाहिली की खिळे जुळवणारा जुळारी त्या शब्दाला हात लावत नाही. छत्तीस वर्षांत ही खूण मी फार थोड्या वेळा वापरली. चुका ठेवायच्या नसतात, असंच मला वाटत आलं.

खालून यंत्राची घरघर येत होती. तस्नीम कुणालातरी सांगत होती, "वर काका बसलेत, त्यांच्याकडं जावा. पण कार्ड दाखवू नका हं, आकडा तोंडानं सांगा. आणि सातवी पायरी बघून."

"काका? काढू ना?"

"नको, मॅडम," मी म्हणालो. "त्याच्याखाली टिंबं द्या."

"म्हणजे?"

"म्हणजे राहू द्या."